मिसुरीतलं धनुष्यांचं दुकान

मुलांनो, धनुष्य म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? जत्रेत मिळणारं, कामटीला चमचमता कागद गुंडाळलेलं धनुष्य? की टीव्हीवरच्या मालिकेतलं, ज्यातून सुटलेल्या एका बाणाचे आकाशात दहा बाण होतात ते? गेल्या सप्टेंबरपर्यंत माझीही मजल तेवढीच होती. मग मी भावाकडे अमेरिकेला गेले आणि तिथं माझा भाचा सोन्या मला एका शनिवारी धनुष्य विकत घ्यायला घेऊन गेला. म्हणजे गाडी भावानंच चालवली, पण घेऊन गेला सोन्याच!

माझा भाऊ राहतो मिसुरी राज्याच्या दक्षिणेला, स्प्रिंगफील्ड शहरापासून अर्ध्या तासावर. अमेरिका म्हणजे उंचच उंच इमारती, असं तुम्हांला वाटत असेल तर इथं येऊन बघा. ओझार्क नावाच्या बुटक्या बुटक्या टेकड्या, त्यांवर ओक आणि अक्रोडाची दाट झाडी, मधूनच गुरांची कुरणं. रात्री रातकिड्यांचा असा काही कल्ला, की आपण कोकणात आहोत असं वाटावं. आणि हरणं! पहाटे चहाचा कप घेऊन मागच्या दाराशी गेलं, की वहिनीच्या बागेत दोन-तीन हरणं फुलांच्या कळ्या खात उभी. वहिनी त्यांना "हाट हाट" करते, ती मान वर करून बघतात आणि पुन्हा खायला लागतात. या एका राज्यात पांढऱ्या शेपटीची हरणं दहा लाखांच्या वर आहेत.

दर वर्षी 15 सप्टेंबरला इथं धनुष्यबाणानं हरणाची शिकार करण्याचा मोसम सुरू होतो. तो जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो, मध्ये बंदुकीच्या शिकारीचे काही दिवस सोडून. हे वाचून तुमच्यातले काही जण नाक मुरडतील. मीही मुरडलं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि ती हवीच. तिथली गोष्ट वेगळी. लांडगे, पहाडी सिंह यांना माणसानं कधीच हुसकून लावलं, त्यामुळे हरणांना खाणारं फारसं कुणी उरलं नाही. मग परवाने देऊन, कुणी किती मारायची हे ठरवून देऊन शिकार होते. त्या परवान्यांचा पैसा जंगलं सांभाळायला वापरला जातो. शिकारीचं शिक्षण, परीक्षा, सगळं असतं. पटो न पटो, तिथल्या गावांत हे आपल्या सुगीसारखंच वर्षाच्या चक्रातलं एक काम आहे.

तर झालं काय, की शेजारच्या आजोबांनी (तिथं त्यांना कुणी आजोबा म्हणत नाही, मीच म्हणते) मोसमाच्या आधी आपलं धनुष्य गॅरेजमधून बाहेर काढलं. सोन्या बारा वर्षांचा. तो तिथं चिकटलाच. मलाही ओढून घेऊन गेला.

मुलांनो, ते धनुष्य पाहून मी चक्रावले. याला धनुष्य म्हणायचं? मध्ये ॲल्युमिनियमची जाड मूठ, वर आणि खाली आखूड, ताठ पाती, पात्यांच्या टोकांना चाकं, आणि एकीच्या जागी तीन-तीन दोऱ्या. सायकलच्या चेनचं आणि वीणेचं लग्न लावलं तर असं काहीतरी होईल! याला म्हणतात कंपाउंड धनुष्य. याचा शोध लावला हॉलेस विल्बर ॲलन या गृहस्थांनी. ते याच मिसुरीतले, शिकारीचे शौकीन. त्यांची अडचण अशी सांगतात, की बाण सुटताना दोरीचा टणकन आवाज होतो आणि तो ऐकून हरीण उडी मारतं. विचार करा, आवाज एका सेकंदात साधारण 340 मीटर जातो. आजच्या चांगल्या धनुष्याचा बाणसुद्धा 90 मीटरच्या आसपास, जुन्यांचा तर त्याहून कमी. म्हणजे बाणाआधी त्याची चुगलीच पोचणार! मग ॲलन यांनी साध्या धनुष्याची टोकं कापली आणि तिथं कप्प्या बसवल्या. 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1969 मध्ये ते मिळालं. स्प्रिंगफील्डजवळ बिलिंग्ज नावाचं छोटंसं गाव आहे, कंपाउंड धनुष्य त्या गावचं असं तिथले लोक सांगतात. आम्ही गाडीतून त्या गावावरून गेलो. मला तर एक रस्ता आणि शेतंच दिसली.

कप्पीनं काय होतं? विहिरीवरची कप्पी तुम्ही पाहिली असेल. तिचा आस बरोबर मधोमध असतो. या धनुष्याच्या चाकांचा आस मधोमध नसतो, कडेला सरकवलेला असतो, म्हणून चाक फिरताना त्याची पकड बदलत जाते. दोरी ओढायला लागलात की आधी जोर वाढत जातो, अगदी दात-ओठ खाऊन ओढावं लागतं. आणि मग अचानक, हाताची दोरी गालापाशी येता येता, सगळं हलकं होतं! आजोबांचं धनुष्य 60 पौंडांचं होतं, म्हणजे 27 किलो. पण ते पूर्ण ओढून झालं की हातात राहतात फक्त 12 पौंड, साडेपाच किलोच्या आत. साध्या धनुष्यात हे उलटं असतं. जितकं जास्त ओढाल तितकं जड, आणि नेम धरायच्या क्षणी सगळ्यांत जड.

"मी ओढून बघू?" सोन्यानं विचारलं.

आजोबांनी हसून धनुष्य त्याच्या हातात दिलं, पण आधी त्यात बाण लावला आणि त्याचं तोंड भुश्याच्या पोत्याकडे करून ठेवलं. सोन्यानं ओढलं. दोरी दोन इंचसुद्धा हलली नाही. मग त्यानं धनुष्य आभाळाकडे केलं, कंबर वाकवली, तोंड लालभडक केलं, आणि दोरी थोडी हलली. आजोबांनी लगेच धनुष्य काढून घेतलं. म्हणाले, "आभाळाकडे धरून ओढावं लागत असेल, तर ते धनुष्य तुझं नाही."

सोन्याचा चेहरा उतरला. पण त्या रात्री जेवताना त्यानं जाहीर केलं, की मला धनुष्य पाहिजे, आणि पंधरा तारखेला मी आजोबांबरोबर मचाणावर जाणार. वहिनीच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. "हरणं मारायला? या घरातून? मुळीच नाही!" भाऊ म्हणाला, "अगं, त्याच्या शाळेत तिरंदाजी असतेच की." हे खरं होतं. तिथल्या पुष्कळ शाळांत तिरंदाजी शिकवतात. 2002 मध्ये केंटकी राज्यात हा उपक्रम सुरू झाला आणि इतर राज्यांत पसरला. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं, की धनुष्य घ्यायचं, पण निशाण कागदाचं. सोन्या "बरं" म्हणाला. ते "बरं" कसं असतं, ते तुम्हांला मी सांगायला नको. तुम्ही रोज म्हणता तसलंच!

दुकान हमरस्त्याला लागून होतं. बाहेरून गोदामासारखं दिसणारं, पत्र्याचं. आत शिरल्यावर डाव्या भिंतीला शिकारीची धनुष्यं, उजव्या भिंतीला स्पर्धेची. मला वाटलं, रंगाचा फरक असेल. डावीकडची सगळी पानापाचोळ्यासारख्या ठिपक्यांची, उजवीकडची लाल, निळी, सोनेरी. दुकानदारबाई साठीच्या होत्या, पांढरे केस, पायांत जाड बूट. त्या म्हणाल्या, रंग सोडा, लांबी बघा. शिकारीचं धनुष्य एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत 30-32 इंच, कारण मचाणावर फांद्यांच्या गर्दीत बसून ते फिरवायचं असतं. स्पर्धेचं 36 ते 40 इंच. लांब धनुष्य हातात कमी थरथरतं, चुका पोटात घालतं. शिवाय त्याला पुढं लांब दांडा असतो तोल सांभाळायला. तो दांडा घेऊन झाडावर चढलात तर खारी हसतील!

मी एक निळं धनुष्य हातात घेतलं. सुरेख होतं हो! हळूच ओढून पाहिलं आणि दोरी सोडणार, एवढ्यात बाईंनी झडप घालून माझं मनगट पकडलं. "नो!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की दुकानातले सगळे वळून बघायला लागले. मुलांनो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. बाण न लावता दोरी कधी, कधीही सोडायची नाही. सगळा जोर बाणात जायचा असतो. बाणच नसेल तर तो जोर धनुष्यातच घुसतो. पाती तडकतात, दोरी तुटते, तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. बाईंनी माझा हात धरून ती दोरी हळूहळू परत आणली. माझे कान लाल झाले होते. सोन्या शहाण्यासारखा दुसरीकडे बघत होता.

मग त्यांनी सोन्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन्ही हात बाजूला पसरायला लावले आणि मापाची पट्टी काढली. या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत 60 इंच. "भागिले अडीच," त्या म्हणाल्या. सोन्यानं पटकन सांगितलं, "चोवीस." ही त्याची ओढ. म्हणजे त्यानं दोरी किती लांब ओढायची ते माप. कंपाउंड धनुष्य तेवढंच ओढलं जातं, मग जणू भिंत लागते. साध्या धनुष्याला असं नसतं, ते ज्याला जेवढं ओढता येईल तेवढं ओढावं. म्हणून कंपाउंड धनुष्य दुसऱ्याचं चालत नाही. चपलेसारखंच आहे हे. (घरी आल्यावर तुम्हीपण मोजून बघा. माझी ओढ निघाली साडेचोवीस!)

त्यानंतर डोळ्यांची परीक्षा. दोन्ही हात लांब करायचे, तळव्यांमध्ये छोटंसं तिकोनी छिद्र ठेवायचं आणि त्यातून दूरची एखादी वस्तू बघायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ती वस्तू छिद्रातच दिसत राहते तो तुमचा मुख्य डोळा. सोन्या उजव्या हातानं लिहितो, उजव्या हातानं जेवतो. पण त्यानं डावा डोळा मिटला आणि समोरचं घड्याळ छिद्रातून गायब! पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, "डावा डोळा. म्हणजे डाव्या हातानं दोरी ओढायची."

"पण मी उजखोरा आहे!"

"नेम डोळ्यानं धरतात," बाई म्हणाल्या.

आता खरी पंचाईत. डावखुऱ्यांचं धनुष्य वेगळंच बनवलेलं असतं, आरशातल्यासारखं उलटं. उजवं घेऊन उलटं धरलं, असं चालत नाही. आणि वाढत्या मुलांसाठी असलेलं, डावखुरं असं एकच धनुष्य दुकानात होतं. त्याचा रंग जांभळा. मुलांनो, आपल्या वहिनींच्या पैठणीला शोभेल असा जांभळा! सोन्या ठिपक्याठिपक्यांच्या शिकारी धनुष्याकडे बघत होता आणि त्याच्या हातात आलं हे. त्याचा चेहरा मी इथं वर्णन करत नाही.

पण धनुष्य हुशारीनं केलेलं होतं. आपल्या आया शाळेचा गणवेश एक माप मोठा घेतात ना, दुमड घालून? तसंच. पात्यांचे बोल्ट फिरवले की जोर कमी-जास्त होतो, चाकांवरचा एक तुकडा सरकवला की ओढीची लांबी बदलते. मुलगा वाढला की धनुष्य वाढतं. बाईंनी ओढ 24 इंचांवर आणली आणि जोर विचारला. सोन्या म्हणाला, "फॉर्टी." आजोबांनी त्याला सांगितलं होतं, हरणासाठी निदान चाळीस पौंड हवेत. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तीसवर लावलं आणि त्याला खुर्चीवर बसवलं. मचाणावर असंच बसून ओढावं लागतं म्हणे.

सोन्यानं ओढलं. जरा धडपडला, पण ओढलं! दोरी गालापाशी आली, हात हलका झाला, आणि विजयी नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"छान," बाई म्हणाल्या. "आता बाण न सोडता परत आण."

मगाशी सांगितलं ना, शेवटी जोर अचानक कमी होतो? परत आणताना तो अचानक वाढतो. झोपलेला बैल एकदम उठावा तसा! सोन्याचा हात आणि सोन्या, दोघेही पुढे खेचले गेले. खुर्ची पालथी होता होता राहिली. बाईंनी धनुष्य आधीच एका हातानं धरलेलं होतं, म्हणून बरं. त्यांना ठाऊकच होतं काय होणार ते.

त्या तेव्हा जे म्हणाल्या ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. म्हणाल्या, दुकानात येणारे सगळे, चांगले दाढीमिशावाले, किती ओढता येतं तेवढंच बघतात. मी बघते, किती परत आणता येतं. समोर हरीण आहे, तुम्ही ओढलंत, आणि त्याच्या मागं पिल्लू दिसलं. किंवा मध्ये फांदी आली. किंवा निशाणावर नेम धरलाय आणि कुणाचं तरी पोर धावत मध्ये आलं. परत आणता येत नसेल तर तुमच्याकडे एकच रस्ता उरतो. बाण सोडायचा.

बोल्ट फिरत गेले. 28, 26, 24. बावीस पौंडांवर सोन्यानं ओढलं, मनात दहा मोजले आणि दोरी परत जागेवर आणली. खांदा हलला नाही. बाईंनी मान डोलावली.

बाण निवडायचं काम भराभर झालं. बाणाचा ताठपणा धनुष्याच्या जोराला जुळावा लागतो आणि बाण कधी आखूड घेऊ नये, एवढं मला कळलं. बाकीचं आकडेमोडीचं होतं. दोरी बोटांनी नाही, तर मनगटाला बांधलेल्या एका चापानं धरतात. तो चाप घेतला. मग दुकानामागच्या पटांगणात गेलो.

तिथं शनिवारची शाळेची मुलं जमली होती, नऊ-दहा वर्षांच्यासुद्धा मुली होत्या. त्यांच्याकडे सगळ्यांना चालणारं एकाच तऱ्हेचं धनुष्य होतं, ते मुद्दाम असं केलेलं असतं की शेवटी हलकं होत नाही, म्हणून कुणाच्याही ओढीला चालतं. जोर 10 ते 20 पौंड. तिथली शिस्त बघण्यासारखी! बोलणं नाही, नुसत्या शिट्ट्या. दोन शिट्ट्या झाल्या, धनुष्य घेऊन रेघेवर या. एक शिट्टी, बाण सोडा. तीन शिट्ट्या, जाऊन बाण आणा. पाच किंवा जास्त म्हणजे धोका, सगळं जिथल्या तिथं थांबवा. तीन शिट्ट्या होईपर्यंत एक पाऊलसुद्धा कुणी रेघेपुढे टाकलं नाही.

सोन्या रेघेवर उभा राहिला, उलट्या हातानं. पहिला बाण गवतात. दुसरा निशाणाच्या चौकटीला. मग बाईंनी त्याची मूठ सैल करायला लावली, आणि पुढचे तीन बाण वितभर अंतरात, एकमेकांशेजारी. जांभळ्या रंगाबद्दल त्यानंतर एक अक्षर निघालं नाही.

पैसे देताना बाईंनी भावाला विचारलं, तुम्ही भारतातले ना? कंपाउंडमध्ये तुमची मुलं फार छान खेळतात. आम्ही तिघांनीही छाती फुगवली. तुम्हांला ठाऊक आहेच, 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. अंतिम सामन्यात 150 पैकी 149 गुण! त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं मुलांमध्ये सुवर्णपदक जिंकलं, 150 पैकी 150. निशाण 50 मीटरवर, आणि दहा गुणांचं वर्तुळ केवढं? व्यास 8 सेंटिमीटर. चहाच्या बशीहून लहान. 2028 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र जोडीची स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे, तेव्हा तुम्हीही बघा. माझं मात्र एक राहून गेलं. स्प्रिंगफील्डच्या बास प्रो या अवाढव्य दुकानात तिरंदाजीचं संग्रहालय आहे, ते बघायचं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, आज नको, हा पोरगा घरी जाऊन धनुष्य हातात घेतल्याशिवाय जेवणार नाही."

पुढचे आठ दिवस संध्याकाळी मागच्या अंगणात सोन्या, भुश्याचं पोतं आणि त्याच्यावर चिकटवलेली कागदी थाळी. आजोबा कुंपणापलीकडून बघायचे. सोन्यानं त्यांना विचारलंच, "मी येऊ का पंधरा तारखेला? नुसता बसायला?" आजोबांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं मान हलवली. आडवी.

पंधरा तारखेला पहाटे चार वाजता आजोबांची गाडी गेली. दोन घरांत दिवे लागले. एक त्यांच्या, एक सोन्याच्या खोलीत.

अकराच्या सुमाराला ते परत आले. गाडीच्या मागं काही नव्हतं. सोन्या धावला. "दिसलं नाही?"

"दिसलं की. वीस यार्डांवर. मोठं होतं."

"मग?"

"ओढलं होतं मी. ते तिरकं उभं राहिलं, नेम नीट बसेना. एक मिनिटभर थांबलो. मग परत आणलं."

सोन्या काही बोलला नाही. आजोबा घरात गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. सोन्यानं जांभळं धनुष्य आणलं, बाण लावला, थाळीवर नेम धरून ओढलं आणि तसाच उभा राहिला. मी मोजत होते. तीस, पस्तीस, चाळीस. हात थरथरायला लागले. मग त्यानं बाण न सोडता, खांदा न हलवता, दोरी सावकाश परत जागेवर आणली. आणि पुन्हा ओढली.

वहिनीनं हाक मारली, "सोन्या, जेवायला चल." तो म्हणाला, "आलो, आणखी एकदाच."